पडद्यावरची तोमे काय बोलली

थोरल्या नुईच्या पाठीवर दोन पोरी दूध पितानाच गेल्या आणि मग पुन्हा पोरगीच झाली, तेव्हा बापाने वैतागून तिचं नाव ठेवलं तोमे. म्हणजे थांब. थांबलं कोणीच नाही. तीन वर्षांनी आणखी एक झाली. तिला सुए म्हटलं, म्हणजे शेवटची. आणि या खेपेला देवाने ऐकलं, कारण त्याच हिवाळ्यात बापच गेला. सेगावात अशा थांब आणि शेवटच्या प्रत्येक गल्लीत दोन-चार निघतील. मागावर बसवायला बऱ्या पडतात.

या तोमेला मात्र पुढे टोकियोच्या चित्रपटकंपनीने असागिरी मिसाओ असं नाव दिलं. असागिरी म्हणजे पहाटेचं धुकं आणि मिसाओ म्हणजे पातिव्रत्य. हे नाव सेगावात पोचलं तेव्हा शेजारची गिनमावशी म्हणाली, “पातिव्रत्य, आन तेबी धुक्यात! दिसायचं कुणाला?”

चित्रात ती आली तीही पाठमोरीच. तैशो राजवटीच्या नवव्या साली टोकियोची मंडळी सेगावाच्या नदीवर चित्र घ्यायला उतरली होती. तेव्हा चित्रांत बायका व्हायचे ते पुरुषच. मुरासाकी कोशिरो नावाचा नट नायिका होता. तोंडाला पांढराफटक रंग, डोक्यावर घमेल्याएवढा केसांचा टोप. गोष्टीत नायिकेने नदीत शिरायचं होतं आणि दिवस डिसेंबरचे. कोशिरोने पायाचा अंगठा बुडवला आणि म्हणाला, “माझा रंग जाईल.” काठावर मागावरच्या पोरी मजा बघत उभ्या होत्या. दिग्दर्शकाने विचारलं, कोण उतरतं? तोमे उतरली. कमरेपर्यंत गेली, आणि परत फीर असं कोणी म्हणेना म्हणून छातीपर्यंत गेली. त्या चित्रात तिची नुसती पाठ दिसली. दुसऱ्यात ती मोलकरीण होती, तेव्हा तोंड दिसलं. तिसऱ्यात कोणाची तरी बहीण होती आणि मरत होती. चौथ्यात नायिका झाली. चौथ्याने घात केला.

पाचवं चित्र सुरू व्हायला दहा दिवस होते आणि तीन वर्षांच्या कराराचा कागद साहेबाच्या टेबलावर सहीसाठी पडला होता, तेव्हा घरून पत्र आलं. आईला लिहिता येत नव्हतं. अक्षर सुएचं होतं. “ताई, ये. माझं लग्न अडलंय. आई म्हणते तुझ्यामुळं.” बाकी काही नाही.

गाडीत बसल्या बसल्या तोमेने मनाशी ठरवून टाकलं, हे कोशिरोचंच काम. बायका चित्रात आल्यापासून त्याच्या वाट्याला म्हाताऱ्या सासवा उरल्या होत्या. सगळ्यांदेखत तो म्हणाला होता, “बाई दाखवायला बाई कशाला लागते? चोर दाखवायला आपण तुरुंगातून माणूस आणतो का?” सगळे हसले होते, तोमेही हसली होती. आता तिला वाटायला लागलं, याने गावाकडे काहीतरी लिहून कळवलं. काय कळवलं असेल? कळवण्यासारखं काय होतं? ती एकेक दिवस आठवून तपासायला लागली, आणि तपासायला बसलं की काय, निष्पाप दिवससुद्धा संशयास्पद दिसायला लागतो.

स्टेशनावरून येताना वाटेत टोफूवाली मात्सूमावशी भेटली. एरवी चार घरं ऐकतील अशी हाक मारणारी बाई. तिने टोफूच्या बादलीत असं निरखून बघितलं, जसा काही टोफू पहिल्यांदाच बघतेय.

“मावशी, ओळखलं न्हाई का?”

“ओळखलं की,” मात्सूमावशी म्हणाली. “आता तुला कोन वळखत न्हाई?” आणि चालायला लागली.

आई कामावर असणार म्हणून तोमे सरळ शेडमध्येच गेली. शेडमध्ये साठ माग. एकदा पट्टे फिरायला लागले की शेजारणीच्या कानात किंचाळलं तरी ऐकू जात नाही. म्हणून सेगावाच्या बायका आवाज न काढता नुसतं तोंड हलवून बोलतात. चार माग पलीकडची काय म्हणतेय ते ओठांवरून कळतं. आईच्या पायाशी सुताच्या गुंड्यांत खेळता खेळता पोरी हे शिकतात, बोलायला शिकतात त्याच्याबरोबरच. कुणाची सासू, कुणाचं पोट, कुणाचा नवरा कुठे पडलेला सापडला, सगळं त्या खडखडाटात बिनआवाजी चालतं. आणि जिच्याबद्दल चाललंय तीच दारात आली, तर डोक्याचा पंचा खाली ओढून तोंडावर घ्यायचा.

तोमे दारात उभी राहिली. पहिला पंचा गिनमावशीने ओढला. मग तिच्या पलीकडचीने. मग ओळच्या ओळ. बघता बघता शेडभर नुसते डोळे उरले. आईने तेवढा पंचा ओढला नाही. पण तिने मान वर करून बघितलंही नाही. धोटा इकडून तिकडे पळत राहिला.

घरी आल्यावर आईने रताळी घातलेला भात वाढला, मुळ्याचं लोणचं ठेवलं आणि पाठ करून बसली. सुए कोपऱ्यात शिवण घेऊन बसली होती. तिचे डोळे सुजले होते.

“आता बोलशील का कुनी?” तोमे म्हणाली.

“आमानोंची चौकशीवाली आलती,” आई भिंतीशी बोलली. “मासुएबाई. तीन दिस गावात फिरली. टोफूवालीकडं गेली, गावच्या न्हानीघरात बसली, पुजाऱ्याकडं गेली. समदं झ्याक चाललं हुतं. मंग कुनीतरी तिला पिक्चरला न्हेलं.”

आमानो म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला राहणारे चहाचे व्यापारी. त्यांच्या सेइकिचीने सुएला देवळाच्या जत्रेत बघितलं होतं आणि हट्टच धरला होता. मागावरची पोर चहाच्या मळ्यावर सून म्हणून जाणार, असं सेगावात कधी झालं नव्हतं. म्हणून तर चौकशी तीन दिवस चालली.

“कोशिरोनं काय लिवून पाठवलं?” तोमेने विचारलं.

“कोन कोशिरो? लिवाया कशाला पायजे कुनी? समद्यांनी डोळ्यांनी बगितलं. म्याबी बगितलं. नवरा समुद्रावर, आन तू मागल्या दारानं परक्या पुरुषाला घरात घेतीस. त्याचं पाय पुसायला देतीस. त्याला जेवाया घालतीस.”

“आई, त्यो भाऊ हाय! गोष्टीतला भाऊ. पोलीस मागं लागल्यात म्हनून लपवती मी त्याला.”

आईने पहिल्यांदा तोंड फिरवलं. “भाऊ? तेन्राकू तर यार म्हनला.”

तेन्राकू म्हणजे गावच्या चित्रगृहातला बेन्शी. पडद्याच्या बाजूला उभं राहून तो मुक्या चित्राची गोष्ट सांगायचा, नायक-नायिका-म्हातारी-कुत्रा, सगळ्यांचे आवाज एकटाच काढायचा. लोक चित्र बघायला येत ते खरं म्हणजे त्याला ऐकायला.

“तीन आठवडं झालं, ताई,” सुए म्हणाली. “गर्दी मावत न्हाई. शेजारच्या गावाचं लोकबी येत्यात.”

“गोष्ट हाय ह्ये मला कळत न्हाई व्हय?” आई म्हणाली. “पर मासुएबाई म्हनली, असली बाई व्हायला जिला लाज वाटली न्हाई, तिचं घर कसलं आसंल? आता ती परत येनार. पंधरा तारखंला सोता आमानोबाईला घिऊन पिक्चरला येनार. त्यांनीबी तसंच बगितलं म्हंजे ती अजून खोल विचारत बसनार, तोमे. खोल. म्हंजे नुईपतुर.”



नुई सात वर्षांपूर्वी डोंगरातल्या आत्याकडे गेली आणि तिकडेच वारली. पायावर सूज चढून गेली, असं सेगावात सांगितलं होतं. मागावरच्या पोरींना ते होतंच, त्यामुळे कोणी जास्त खोदलं नाही. सूज पायावर नव्हती. दुखणं छातीत होतं. शेवटचे दोन महिने आत्याच्या माळ्यावर तिच्याजवळ बसायला तेरा वर्षांच्या तोमेला पाठवलं होतं. ज्या घरात क्षय शिरला त्या घरची मुलगी कोणी करत नाही. व्यापारी तर सोडाच, भंगारवालासुद्धा करत नाही.

“पिक्चरवर भागलं तर बरं,” आई म्हणाली. “पिक्चरवर मोडलं तर सुएला दुसरं ठिकान बगता यील. नुईवर मोडलं तर न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच तोमे चित्रगृहाच्या मागच्या दाराने गेली. तेन्राकू सोबाचे नूडल्स ओढत बसला होता. शेजारी कच्चं अंडं फोडून ठेवलं होतं, आवाजासाठी. मूळचा नागोयाचा माणूस. सेगावात दोन वर्षं राहूनही सेगावाची बोली त्याच्या जिभेला चिकटली नव्हती.

“मिसाओबाई!” तो उठून वाकला. “पडद्यापेक्षा लहान दिसता हो तुम्ही.”

“माझा भाऊ माझा यार कधी झाला, गुरुजी?”

“चौथ्या दिवशी,” तेन्राकू जराही न लाजता म्हणाला. “पहिले तीन दिवस भाऊच होता. तिसऱ्या दिवशी आत अकरा माणसं होती, त्यातली दोन झोपलेली. झोपेत होतं त्यांचंच बरं चाललं होतं. पतिव्रता नवऱ्याची वाट बघते, बघते, बघते. माझ्याने बघवेना, बाई.”

“आणि पाट्या? मध्ये मध्ये अक्षरं येतात पडद्यावर. चक्क ‘भाऊ’ लिहिलंय.”

“कापल्या. माझ्या आणि लोकांच्या मध्ये येतात त्या. तुमची ही नवी चित्रं मला मारायलाच निघालीत, ठाऊक आहे मला. एवढाले चेहरे, एवढाल्या पाट्या. मग बेन्शीने काय करायचं, पंखा घालायचा?”

“कोशिरोचं पत्र आलंय ना तुम्हाला?”

“कोण कोशिरो?” त्याने इतक्या साधेपणाने विचारलं की तोमेचा संशय उलट वाढला. तरी तिने हात जोडले. पंधरा तारखेचा दुपारचा एकच खेळ. तेवढ्या एका खेळापुरता भावाला भाऊ म्हणा. माझ्या बहिणीचा संसार आहे.

“एवढंच ना?” तेन्राकूने अंडं घशात सोडलं. “दिला शब्द.”

वाटभर तोमेला तेच खटकत राहिलं. इतक्या चटकन शब्द देणारा माणूस तो घेऊन किती लांब जाणार?

पंधरा तारखेला शेड बंद. चित्रगृह दुपारी बारालाच भरलं. दारात चपलांचा ढीग, आत चटयांवर डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, मागे उंच खुर्चीवर पोलीस, कोणी आचरटपणा करू नये म्हणून. भाजलेले वाटाणे, संत्री, चहाच्या किटल्या. आमानोबाईला पुढे बसवलं होतं. काळा किमोनो, ताठ पाठ, चहाचा व्यापार नवऱ्यामागे एकटीने चालवणारी बाई. तिच्या डाव्या हाताला मासुएबाई, उजव्या हाताला टोफूवाली मात्सूमावशी. मागे गिनमावशी आणि शेडच्या चाळीस-पन्नास बाया. तोमे पंचा तोंडावर ओढून भिंतीला टेकून बसली. आई तिसऱ्या रांगेत होती. तिने लेकीकडे वळून बघितलं नाही.

दिवे गेले. तेन्राकू आपल्या चौरंगामागे उभा राहिला, चौरंगावर त्याचा छोटा कंदील. घसा खाकरून त्याने नवऱ्याला समुद्रावर पाठवलं, वादळ आणलं, दारावर थाप मारली.

“आणि त्या धुवांधार पावसातून येतो,” त्याने पंखा उघडला, “तिचा सख्खा भाऊ!”

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग पुरुषांच्या बाजूने एकजण ओरडला, “आरं, भाऊ कुठनं आला? काल यार हुता की!”

“काय तेन्राकू, प्यालास का?”

“आमी कोसावरनं आलोय रं! यार सांग, यार!”

संत्र्याची सालं उडाली. पोलिसाने खुर्चीवर काठी आपटली, तर लोक आणखीच खूश झाले. तेन्राकूने कपाळ पुसलं. एकदा आमानोबाईच्या काळ्या किमोनोकडे बघितलं, एकदा गर्दीकडे बघितलं. तोमेला त्याचा चेहरा कंदिलात स्वच्छ दिसला. भुकेल्या माणसाने ताटाकडे बघावं तसा तो गर्दीकडे बघत होता.

“भाऊ!” तो गरजला, आणि मग आवाज मधासारखा करून म्हणाला, “असं ती शेजाऱ्यांना सांगायची.”

अख्खं चित्रगृह टाळ्यांनी फुटलं. मासुएबाई आमानोबाईच्या कानाला लागली. आमानोबाईची पाठ आणखी ताठ झाली.

तोमे उठली. ओरडून उपयोग नव्हता. तो गोंगाट साठ मागांना भारी होता. ती भिंतीच्या कडेने पुढे गेली, तेन्राकूच्या कंदिलाच्या उजेडात बायकांकडे तोंड करून उभी राहिली आणि पंचा काढून टाकला. पोलीस अर्धवट उठला. पण बाईने आवाजच केला नव्हता, त्याने कशाबद्दल हटकायचं? तोमेने नुसते ओठ हलवले, शेडमध्ये हलवतात तसे.

“हिकडं न्हाई. पडद्यावर. माज्या तोंडाकडं बगा.”

चाळीस माना वर झाल्या.

हे चित्र घेताना दिग्दर्शकाने तिला सांगितलं होतं, तोंड हलतं राहू दे, काहीही बोल, ऐकणारं कोण आहे? टोकियोची नाजूक भाषा तिला ऐनवेळी सुचली नव्हती. जे तोंडात आलं ते ती बोलली होती. आणि तीन आठवडे सेगावाच्या बायांनी, ज्या बारा हातांवरून नुसत्या ओठांची भांडणं ओळखायच्या त्यांनी, तेन्राकूच्या आवाजामागे धावत ते चित्र कानांनी बघितलं होतं. घरचं बोलणं समोर चाललं होतं आणि एकीनेही वाचलं नव्हतं. चित्रगृहात कान उघडे असतात ना. शेडची सवय दाराबाहेर चपलांबरोबर राहिली होती.

“‘दादा,’” गिनमावशी मोठ्याने म्हणाली. मग किंचाळलीच, “आगं, दादा म्हनतीया ती! ‘दादा, भिजलास की रं!’”

“‘आदी पाय पूस,’” दुसरी म्हणाली.

“‘मुळ्याचं लोनचं हाय, भात गार झालाय,’” तिसरी. “बया! आपल्यावानीच बोलतीया की!”

“‘त्यावर गरम चा वतते, खा मुकाट. आई काय म्हनंल तुजी ही दशा बगून!’”

मग एकेकीचा आवाज दुसरीत मिसळत गेला आणि चाळीस बाया एकदम बोलायला लागल्या. पडद्यावर तोमेचं तोंड हलायचं आणि डावीकडून अख्ख्या गल्लीचा आवाज यायचा. पुरुष गप्प. तेन्राकूचा पंखा हवेतच राहिला. दोनदा त्याने तोंड उघडलं आणि दोनदा बायांनी त्याला पाण्याखाली घातल्यासारखं बुडवलं. शेजारणी पडद्यावर कुजबुजायला लागल्या तशी गिनमावशी त्यांनाच शिव्या घालायला लागली, “सटव्यांनो, भाऊ हाय त्यो तिचा!” जणू तीन आठवडे ती स्वतः काही दुसरं म्हणत होती.

आमानोबाई पुढे वाकली होती. तोमेने ते बघितलं, आणि तिला एकदम हलकं वाटलं. जमलं. सुएचं जमलं. आता फक्त शेवटचं रीळ, नवऱ्याची होडी दिसत नाही म्हणून ती खडकावर बसून रडते तेवढं...

तेवढं तिला आठवलं आणि तिने वळून पडद्याकडे बघितलं.

त्या दिवशी खडकावर तिला रडू येत नव्हतं. दोनदा झालं, तीनदा झालं. फिल्म वाया चालली. दिग्दर्शक जवळ येऊन हळूच म्हणाला होता, कोणाला तरी हाक मार. तुझ्या मनातल्या कोणालाही. कोण ऐकतंय? आणि तिने मारली होती. कॅमेरा हातभर अंतरावर होता.

थांबवायचं कसं? बायांना काय सांगायचं, आता बघू नका? बघू नका म्हटलं की माणूस डोळे फाडून बघतो. तोमेने दोन्ही हात वर केले आणि तसेच ठेवले. पडद्यावर खडक आला, लाट आली, आणि मग तिचा चेहरा आला, गाडीच्या चाकाएवढा. असा ओठ न् ओठ दिसणारा चेहरा सेगावाने दुसरा बघितला नव्हता.

“‘ताई,’” चाळीस बाया एका आवाजात म्हणाल्या.

आणि थांबल्या.

पडद्यावरची तोमे थांबली नाही. ताई, रक्त माज्या बाहीला पूस. म्या कुनाला सांगनार न्हाई. दोनदा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड स्वच्छ, सावकाश, अक्षर न् अक्षर हलत होतं.  गिनमावशीचं तोंड उघडं होतं ते तिने हाताने मिटलं. तिसऱ्या रांगेत आई होती तशीच बसली होती. फक्त तिने मांडीवरचं संत्रं इतकं घट्ट धरलं की रस चटईवर गळायला लागला.

“काय म्हणतेय ती?” आमानोबाईने विचारलं. शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं. “ताई कोण?”

कोणी बोललं नाही. आणि ही भोकाएवढी फट तेन्राकूला दिसली. त्याला ओठ वाचता येत नव्हते. त्याला एवढंच कळलं की बाया दमल्या. तो त्या फटीत सगळ्या अंगानिशी घुसला.

“नाथ!” त्याचा आवाज गहिवरला, थरथरला, छताला लागला. “या लाटा मोजता मोजता माझे डोळे आटले, पण तुमची वाट काही आटली नाही! तुमची चाहूल ऐकेपर्यंत या खडकाचीच मी होऊन राहीन!”

मासुएबाई संशयाने मात्सूमावशीकडे वळली. “पण ती आधी ताई म्हणाली ना?”

“समुद्राला म्हनली आसंल,” मात्सूमावशी म्हणाली. “टोकियोची गोष्ट. आपल्याला काय कळतंय.”

आमानोबाईने बाहीतून रुमाल काढला आणि डोळे टिपले.

होकार पाचव्या दिवशी आला. साके-दारूचं पिंप, जोडीचे मासे, लाल-पांढऱ्या दोऱ्यांत बांधलेली पाकिटं. आईने ती देवापुढे ठेवली आणि त्यांच्याकडे असं बघत बसली, जशी कोणी ती परत न्यायला येणार आहे. शेडमध्ये आता तोमेला बघून कोणी पंचा ओढत नव्हतं. उलट सगळ्या “बस गं मिसाओ, संत्रं खा” म्हणायच्या. त्या गोडव्याने तोमेला झोप येईना.

“कुनी काय बोललं का तुला?” तिने आईला विचारलं.

“न्हाई. तेच तर. चाळीस बायांच्या तोंडात हाय आता माजी नुई. एकीनं जरी आ केला...” आईने वाक्य पुरं केलं नाही. मग म्हणाली, “तू जा टोकियोला. पर तोंड मिटून काम कर.”

तोमेने तेच केलं. पाचव्या चित्रात तिला प्रेम करायचं होतं, फसायचं होतं, शाप द्यायचा होता. कॅमेरा जवळ आला की ती मनात म्हणायची, हे रीळ कुठे कुठे जाईल? माग काय एकट्या सेगावात आहेत? मग ती काहीच खरं बोलायची नाही. एक, दोन, तीन, चार, असे आकडे म्हणायची. दिग्दर्शकाने पहिल्या दिवशी समजावलं, दुसऱ्या दिवशी ओरडला. “चेहरा कुठे ठेवून आलीस? मागच्या वेळी खडकावर होता तो?” सासूचं काम करणारा कोशिरो जवळच बसला होता. तो म्हणाला, “घाबरलीय ती. कोणाला ते विचारा.” पहिल्यांदाच तो तिच्याशी बऱ्या आवाजात बोलला, आणि तोमेने तेही पारखून घेतलं, यात काय डाव असेल म्हणून. ते चित्र नऊ दिवस चाललं. कराराच्या कागदावर सही झाली नाही. एकूण पाच चित्रं, त्यातल्या एकात नुसती पाठ. वसंतात ती सेगावाला परतली आणि आपल्या जुन्या मागावर बसली. पुढे एका रंगाऱ्याशी तिचं लग्न झालं. त्याने तिचं एकही चित्र बघितलं नव्हतं, म्हणून.

सुएला मुलगा झाला. त्याला पहिला घास द्यायच्या दिवशी आमानोंकडून आमंत्रण आलं. आई गुडघ्यांमुळे आली नाही. तोमे एकटी गेली. भात झाला, मासा झाला, मुलाच्या ओठांना लाल शेंगांचा भात लावून झाला. पाहुणे गेल्यावर आमानोबाईने सुएला आणि तोमेला आतल्या खोलीत बसवलं आणि स्वतः चहा केला. नवीन पानांचा. तोमे मुलापासून जरा लांबच बसली होती.

“एक विचारायचं राहिलंय,” आमानोबाई म्हणाली. “त्या दिवशी शेवटी तू काय म्हणालीस गं? सगळ्या बायकांचा आवाज एकदम बंद झाला.”

सुएने मुलाला उचलून खांद्यावर घेतलं. तोमेने पेला खाली ठेवला.

“‘नाथ, या लाटा मोजता मोजता माझे डोळे आटले...’”

“ते तेन्राकू म्हणाला. मी तिथेच होते.”

“तेच म्हनलं हुतं मी. बायांना रडू आलं म्हनून त्या थांबल्या.”

“असं,” आमानोबाई म्हणाली. “मला वाटलं, त्यांनी तुला सांभाळून घेतलं.”

 कोणी सांगितलं? गिनमावशी? मात्सूमावशी? ही बाई विचारतेय, की सांगतेय? आमानोबाईच्या तोंडाकडे ती डोळे लावून बसली. पण मळ्यावरच्या बाईचं तोंड नुसतं तोंड होतं, त्यावर काही उमटेना.

मोलकरीण पेले न्यायला आली. आमानोबाईने तिला हाताने बाहेर पाठवलं आणि पेले स्वतः गोळा केले. तोमे बघत राहिली. माझा पेला बाजूला ठेवते का? बोटांच्या टोकांनी उचलते का? चिमट्याने धरल्यासारखा? आमानोबाईने सुएचा, तोमेचा आणि स्वतःचा, तिन्ही पेले एकाच भांड्यात बुडवले, एकाच फडक्याने पुसले. मग त्यातला तोमेचा, निळ्या काठाचा, आपल्यापुढे ठेवला, त्यात चहा ओतला आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

“सुए,” ती म्हणाली, “पोराला दे मावशीकडे. केव्हाची लांबून बघतेय बिचारी.”